तरफेची कारबाइन आणि तिचा खेळ

अमेरिकेत नेमबाजीची एक स्पर्धा अशी आहे की, तीत भाग घेणाऱ्यास आधी आपले नाव बदलावे लागते. जुन्या काळच्या गुराख्यास, दरोडेखोरास किंवा गावच्या फौजदारास शोभेल असे एखादे टोपणनाव तो घेतो. ते संस्थेच्या दप्तरी नोंदविले जाते आणि मग तेच नाव दुसऱ्या कोणासही मिळत नाही. आजवर अशी एक लाखाहून अधिक नावे नोंदली गेली आहेत. नाव बदलले की वेष बदलावयाचा. पुरुषांनी रुंद काठाची टोपी, जाकीट व उंच टाचांचे बूट घालावयाचे, तर स्त्रियांनी घोळदार झगे. आणि मग हत्यारे! कमरेस दोन रिव्हॉल्व्हर, जवळ छऱ्यांची एक बंदूक आणि हातात तरफेची कारबाइन. ही सारी १९०० पूर्वीच्या धाटणीची असली पाहिजेत. पण ती बहुधा त्या काळची नसतात, हल्लीच्या कारखान्यांत जुन्या नमुन्याबरहुकूम नवी घडविलेली असतात. या खेळास 'काऊबॉय अ‍ॅक्शन शूटिंग' म्हणतात. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात तो सुरू झाला आणि १९८७ साली त्याची नियमबद्ध संस्था स्थापन झाली.

प्रथमदर्शनी हे सारे बहुरूप्याचे सोंग वाटेल, आणि थोडेसे ते आहेही. परंतु या खेळात यंत्रविद्या, इतिहास आणि कायदा यांची जी गाठ पडली आहे ती आम्हांस मोठी बोधक वाटते. तुकईथड हे जंगलाच्या काठचे गाव. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी या मुलखात पूर्वापार आहेत. तेव्हा बंदूक ही वस्तू आपल्या मुलांस अगदीच परकी नाही. मग ती कशी चालते, कोठे खेळ ठरते आणि कोठे गुन्हा, हे त्यांनी नीट समजून घेतलेले बरे.

बहुबारी बंदूक का जन्मास आली हे कळण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या गावावरून खंडव्याहून अकोल्याकडे मीटरगेजची गाडी धावत असे. सातपुडा उतरून ती वऱ्हाडात शिरली की हिवरखेडच्या पुढे अडगाव लागे. त्याच अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य व इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची लढाई झाली. त्याच्या आदल्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात, इंग्रजांनी शिंद्यांकडून बुरहाणपूर आणि असीरगड घेतले होते. आणि १५ डिसेंबरास गाविलगडही पडला. या साऱ्या लढायांत पायदळाच्या हाती जी बंदूक होती ती चकमकीची, तोंडाकडून भरावयाची. शिपायाने कागदी काडतूस दातांनी फोडावे, थोडी दारू कानापाशी घालावी, उरलेली नळीत ओतावी, वर गोळी व कागद सोडावा, गज काढून ठासावे, गज पुन्हा जागी ठेवावा, घोडा ओढावा आणि मग चाप दाबावा. उत्तम तालमीचा शिपाई मिनिटास फार तर तीन बार काढी. म्हणजे दोन बारांमध्ये वीस सेकंदे गेली. त्या वीस सेकंदांत समोरचा स्वार दोनशे कदमांवरून अंगावर येऊन ठेपत असे. शिपायांनी रांगा धरून पाळीपाळीने बार काढावयाचे, ही कवाईत याच वीस सेकंदांतून निघाली.

ही सेकंदे खाऊन टाकावीत ही इच्छा जुनीच. १६०१ साली असीरगड घेणाऱ्या अकबर बादशहाच्या तोफखान्यात एकाच बत्तीने सतरा नळ्या उडविण्याची युक्ती केलेली होती, असे आईन-इ-अकबरीत म्हटले आहे. पण सतरा नळ्या एकदम उडवणे वेगळे आणि एकाच नळीतून सतरा बार एकामागून एक काढणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीस दारू, गोळी आणि ठिणगी ही तिन्ही एकाच पुंगळीत बंद करणे भाग होते. १८५७ साली ज्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पेटला ती एन्फील्ड बंदुकीची काडतुसे कागदाचीच होती. त्यांना दात लावावाच लागे. त्याच सुमारास अमेरिकेत तांब्याच्या पत्र्याची काडतुसे निघाली. पुंगळीच्या बुडाशी आघाताने पेटणारे द्रव्य, मध्ये दारू आणि तोंडात शिशाची गोळी, असे ते सुटसुटीत प्रकरण होते. बहुबारी बंदुकीचा खरा शोध म्हणजे हे काडतूसच, असे आमचे मत आहे. बाकीचे यंत्र म्हणजे ते काडतूस उचलून जागेवर ठेवणारा एक चतुर नोकर होय.

१८६० साली अमेरिकेत असे दोन नोकर निघाले. एक स्पेन्सरची कारबाइन. तिच्या दस्त्यात सात काडतुसांची नळी बसे. दुसरी हेन्रीची रायफल. हिच्या नळीखाली दुसरी एक लांब नळी असून तीत पंधरा-सोळा काडतुसे मावत. हेन्री हा ज्यांच्या कारखान्यात मुख्य कारागीर होता ते ऑलिव्हर विंचेस्टर हे मुळात सदरे शिवण्याचे कारखानदार होते! पुढे बंदुकांना त्यांचेच नाव पडले. १८६६ चा नमुना, १८७३ चा नमुना आणि १८९२ चा नमुना हे या घराण्यातील नावाजलेले वंशज. त्यांपैकी १८७३ च्या नमुन्याच्या सात लाखांहून अधिक बंदुका बनल्या आणि आजच्या खेळात नव्याने घडविलेल्या त्याच नमुन्याची चलती अधिक आहे. कारबाइन म्हणजे रायफलीचीच धाकटी बहीण. रायफलीची नळी लांब, तर कारबाइनची सुमारे २० इंच, म्हणजे अर्धा मीटर. घोड्यावरून उतरता-चढता लांब नळी अडकते, म्हणून ती आखूड केलेली. खोगिराशी अडकवता यावी यासाठी तिच्या अंगास एक कडीही असे.

आता तिचे यंत्र पाहू. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तरफेचे प्रकार ज्यांनी पाठ केले आहेत त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. चापाभोवती जे लोखंडी कडे असते ते मागे वाढवून त्याचा हात शिरेल एवढा फासा केलेला असतो; हीच तरफ. उजव्या हाताची तीन बोटे त्या फाशात असतात. बोटांनी तरफ खाली-पुढे ढकलली की आतील बोल्ट मागे सरकतो. सरकताना त्याच्या टोकाचा आकडा झडलेल्या काडतुसाची पुंगळी ओढून बाहेर फेकतो, आणि त्याच चालीत बोल्टची शेपटी घोड्यास मागे रेटून उभा करते. चाल पुरी होत आली की पितळेचा एक ठोकळा विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर येतो. त्याच्या पोटात खालच्या नळीतून स्प्रिंगने ढकललेले एक काडतूस आधीच येऊन बसलेले असते. ते आता वरच्या नळीच्या तोंडासमोर येते. तरफ मागे ओढली की बोल्ट पुढे येऊन काडतुसास नळीत सारतो, ठोकळा खाली जातो, आणि खाली पोहोचताच दुसरे काडतूस त्याच्या पोटात शिरते. आता फक्त चाप दाबावयाचा. एक चाल पुढे, एक चाल मागे, एवढ्यात पुंगळी निघणे, घोडा चढणे, काडतूस उचलणे आणि दार बंद होणे ही चार कामे उरकतात. ठासणीच्या बंदुकीची वीस सेकंदे येथे एका सेकंदाच्याही आत आली.

बार उडाला की आतील वायूचा प्रचंड दाब बोल्टला मागे फेकू पाहतो. त्यास अडवते कोण? १८६६ आणि १८७३ च्या नमुन्यांत बोल्टच्या मागे गुडघ्यासारखे दुमडणारे दोन दुवे असतात. तरफ बंद असली की हा गुडघा ताठ असतो. आपण गुडघे ताठ ठेवून डोक्यावर पोते घेतले तर भार हाडांवर पडतो व सहज पेलतो. गुडघा किंचित वाकला की मांड्या थरथरू लागतात. तसेच हे. गुडघा सरळ रेषेत असेतोवर दाब सोसतो. पण मोठ्या जोराच्या काडतुसापुढे ही रचना कमजोरच. म्हणून जॉन ब्राउनिंग याने पुढच्या नमुन्यांत गुडघा टाकून दिला आणि दाराला अडसर लावावेत तशा दोन उभ्या पोलादी पट्ट्या बोल्टच्या मागे चढतील अशी योजना केली. १८९२ ची कारबाइन त्यामुळे अधिक भक्कम. तरीही खेळाडू जुन्या गुडघ्याच्याच बंदुकीवर जीव टाकतात, कारण तिची चाल लोण्यासारखी मऊ असते. काही जण तर दुवे बदलून तरफेची चाल आणखी आखूड करून घेतात.

काडतुसे नळीत एकामागे एक आडवी निजलेली असतात, यावरून आणखी एक मुद्दा निघतो. मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या बुडाशी, म्हणजे नेमक्या पेट घेणाऱ्या जागी, टेकलेले असते. टोक अणकुचीदार असेल आणि बंदुकीस धक्का बसला तर नळीतल्या नळीतच स्फोट व्हावयाचा. म्हणून या बंदुकांच्या गोळ्यांचे नाक चपटे ठेवतात. एवढ्याशा चपट्या नाकावर बंदूक धरणाऱ्याचा डावा हात शाबूत राहणे अवलंबून असते.

चित्रपटांनी या कारबाइनचे श्रेय सारे गोऱ्या गुराख्यांस देऊन टाकले आहे. टेक्सासपासून कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत शेकडो मैल गुरांचे कळप हाकीत नेणारे हे गुराखी पुष्कळसे कृष्णवर्णी किंवा मेक्सिकन होते, आणि त्यांचे आयुष्य धूळ, पाऊस व अल्प मजुरी यांतच जाई. बहुबारी बंदुकीचा सर्वांत गाजलेला प्रताप तर त्यांचा नव्हेच. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी सेनानी कस्टर याच्या घोडदळास लाकोटा व शायान या मूळ रहिवासी जमातींनी घेरले. सरकारी स्वारांपाशी एकेक काडतुसाच्या कारबाइनी होत्या; उलट जमातींच्या पुष्कळ वीरांपाशी हेन्री आणि विंचेस्टर होत्या. कस्टरबरोबरच्या दोनशेहून अधिक माणसांतील एकही वाचला नाही. १९८३ साली तेथील गवतास वणवा लागला, जमीन उघडी पडली, आणि पुढल्या वर्षी शास्त्रशुद्ध उत्खनन झाले तेव्हा मातीत सापडलेल्या पुंगळ्यांवरून कोणत्या जागेवरून कोणती बंदूक उडाली हे संशोधकांनी दाखवून दिले. १८७७ साली प्लेव्हना येथे तुर्कांनी चढून येणाऱ्या रशियन पलटणींस जवळ येऊ दिले आणि मग विंचेस्टरांचा भडिमार केला. हेही बहुबारी बंदुकीचेच यश; पण ज्यांची प्रेते तेथे पडली त्यांच्या दृष्टीने यश हा शब्द वापरणे कठीण आहे.

मग अशा हत्याराचा खेळ का व्हावा? तलवारीचा पट्टा झाला, भाल्याची भालाफेक झाली, धनुष्याची तिरंदाजी झाली. लढाईतून निवृत्त झालेले हत्यार खेळात येते, असाच क्रम दिसतो. मात्र भालाफेकीचा भाला आज कोणी लढाईस नेत नाही, आणि कारबाइनची गोळी अजूनही जीव घेऊ शकते. या खेळाचे सारे नियम या एका जाणिवेभोवती रचलेले आहेत.

खेळाचा डाव साधारणतः असा असतो. लाकडी फळ्यांची एक खोटी भिंत, तीवर पेढीचे किंवा खाणावळीचे नाव, खिडकी, टेबल. त्यामागे थोड्या अंतरावर पोलादी पत्र्यांची लक्ष्ये. कारबाइनसाठी दहा गोळ्या, प्रत्येक रिव्हॉल्व्हरसाठी पाच-पाच आणि छऱ्यांच्या बंदुकीसाठी दोन-चार बार, हे प्रमाण बहुधा ठरलेले. कोणते लक्ष्य कोणत्या क्रमाने मारावयाचे ते आधी वाचून दाखवितात. उदाहरणार्थ, डावीकडून सुरुवात करून जावे आणि उलट यावे, मधल्यास दोनदा मारावे, इत्यादी. घड्याळाची शिट्टी वाजली की डाव सुरू. हे घड्याळ आवाज ऐकते आणि शेवटच्या बाराची वेळ टिपते. तीन परीक्षक चुकलेल्या गोळ्या मोजतात. दोघांचे एकमत झाले तरच चूक धरतात. प्रत्येक चुकलेल्या गोळीस पाच सेकंद आणि क्रम चुकल्यास दहा सेकंद वेळेत मिळवावयाचे. ज्याची वेळ कमी तो पुढे. लक्ष्ये चांगली मोठी व जवळ असतात, कारबाइनचीही दहा-पंधरा मीटरांवरच. त्यामुळे नवख्यासही पत्रा वाजविण्याचा आनंद मिळतो. पण कसलेले खेळाडू कारबाइनच्या दहा गोळ्या तीन-चार सेकंदांत झाडून मोकळे होतात. घाई केली तर गोळी चुकते आणि पाच सेकंदांचा दंड पडतो; दंड टाळावा म्हणून रेंगाळावे तर प्रतिस्पर्धी निसटतो. नेमबाजीत सहसा न आढळणारी ही ओढाताण हाच या खेळाचा आत्मा होय. काही हौशी मंडळी अजून काळी दारूच वापरतात. सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा व गंधक दहा, हे तिचे जुने प्रमाण. तिचा धूर इतका दाट की चौथ्या-पाचव्या बारानंतर लक्ष्य दिसेनासे होते आणि पुढचे बार अदमासाने मारावे लागतात!

आता नियमांकडे वळू. गोळी निव्वळ शिशाचीच हवी आणि तिचा वेगही मर्यादित हवा. रायफलीच्या गोळीस सेकंदास १४०० फूट ही कमाल मर्यादा आहे. शिसे मऊ असल्याने पोलादावर चिरडते. पत्रे किंचित पुढे झुकविलेले असतात, त्यामुळे तुकडे जमिनीकडे जातात. तरीही खेळाडूच नव्हे, तर पाहुण्यांनीही डोळ्यांस चष्मा लावलाच पाहिजे. बंदूक भरावयाची ती फक्त भरण्याच्या टेबलावर, पंचासमोर. आणि डाव संपल्यावर रिकामी करावयाच्या टेबलावर ती दुसऱ्याच्या देखत तपासून घ्यावयाची. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात घरे सहा असली तरी काडतुसे पाचच घालतात. जुन्या धाटणीत घोडा खाली असला की त्याचे टोक काडतुसाच्या बुडावर टेकते, आणि हत्यार पडले तर बार उडू शकतो; म्हणून घोड्याखालचे घर रिकामे. बंदुकीचे तोंड मागे वळले की खेळाडू बाद. भरलेले हत्यार हातातून पडले तर तो सबंध स्पर्धेतून बाद होतो. आणि पडलेले हत्यार त्याने स्वतः उचलावयाचे नाही, ते पंच उचलतो. यातील मर्म लक्षात घ्यावे. पडणारी वस्तू झेलण्यासाठी आपला हात आपोआप पुढे जातो, आणि अशा वेळी बोट नेमके चापावर पडते.

१८७३ च्या कारबाइनीत अशीच एक सोय मूळ कारागिरांनीच केलेली आहे. तरफेच्या आत एक लहानशी खुंटी असते. तरफ घट्ट मिटून ती दाबली गेल्याखेरीज चाप हलतच नाही. दार उघडे असताना बार उडू नये म्हणून ही योजना. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपल्या गिऱ्हाईकाच्या उतावळेपणाचा विचार करून ठेवला होता, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता या नव्या-जुन्या बंदुका येतात कोठून? अस्सल विंचेस्टर आज पुराणवस्तू झाली आहे. तिची किंमत मोठी, स्प्रिंगा थकलेल्या, आणि तिचे पोलादही काळ्या दारूच्याच दाबास पुरे पडेल असे. म्हणून नक्कल. ही नक्कल करण्यात अग्रेसर गाव अमेरिकेत नाही, ते इटलीत आहे. ब्रेशा शहराच्या उत्तरेस डोंगराच्या खोऱ्यात गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाचे गाव आहे. लोखंडाच्या खाणी, वाहते पाणी आणि पिढीजात लोहार, या तिहींच्या बळावर तेथे कित्येक शतके नळ्या घडत आल्या. बेरेत्ता घराण्याच्या नळ्यांची नोंद १५२६ सालची आहे. याच गावात १९५९ साली आल्दो उबेर्ती याने जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची हुबेहूब प्रत घडविण्यास सुरुवात केली. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्धाच्या शताब्दीची तयारी चालली होती, आणि पुढे इटालियन दिग्दर्शकांच्या गुराखीपटांनाही अशी हत्यारे हवीच होती. धंदा वाढला. आज खेळातील पुष्कळशा १८७३ च्या कारबाइनी या खोऱ्यातूनच जातात. गार्दोनेतून बाहेर पडणारी प्रत्येक नळी सरकारी परीक्षागृहात नेहमीपेक्षा जबर दारू भरून उडवून पाहतात. टिकली तर तीवर मुद्रा उठते. मुद्रेवाचून विक्री नाही.

गार्दोनेविषयी वाचताना आम्हांस आपल्या निमाडातील शिकलगारांची आठवण होते. तेही पिढीजात हत्यारांचे कारागीर. सैन्यांच्या मागून फिरावे, तलवारींस धार लावावी, बंदुकांचे घोडे दुरुस्त करावेत, हा त्यांचा व्यवसाय. संस्थाने गेली, सैन्ये गेली, आणि हातातील विद्येस गिऱ्हाईक उरले नाही. बादल्या, कुलपे, सुऱ्या यांवर पुष्कळांनी पोट भरले. पण काहींनी चोरून पिस्तुले घडविण्याची वाट धरली, आणि बुरहाणपूर, खरगोन, बडवानी या जिल्ह्यांतून गावठी पिस्तुले पकडल्याच्या बातम्या वरचेवर वाचावयास मिळतात. २०१९ साली कायद्यात सुधारणा झाल्यापासून परवान्याशिवाय बंदूक घडविणाऱ्यास निदान सात वर्षांची व जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. हातकौशल्य दोन्हीकडे आहे. इटलीतील कारागिराच्या पाठीशी परवाना, परीक्षागृह आणि बाजारपेठ उभी राहिली. आपल्या कारागिराच्या पाठीशी यांपैकी काहीही उभे राहिले नाही. एवढ्याने गुन्ह्याचे समर्थन होत नाही. कारण गावठी पिस्तुलाची नळी कोणी तपासत नाही. ती कधी गिऱ्हाईकाच्या हातातच फुटते, आणि न फुटली तर दुसऱ्या कोणाच्या जिवावर बेतते. परंतु त्या वस्तीतील शाळकरी मुलाकडे संशयाने पाहण्यापूर्वी ही हकीकत ध्यानात असावी, असे आम्हांस मनापासून वाटते. लेथ, साचे आणि मापनयंत्रे यांचे शिक्षण या हातांना मिळाले तर ते काय करणार नाहीत!

आपल्या देशात हा गुराखी वेषाचा खेळ रुजण्याचा संभव थोडा आहे, आणि आम्हांस त्याचे दुःख नाही. येथील कायदा १९५९ सालचा. जुनाट धाटणीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले जे हत्यार दुरुस्त करूनही चालविता येणार नाही, तेवढेच त्यातून सुटते. चालणारी नक्कल ही कायद्याच्या दृष्टीने बंदूकच. शेतकऱ्याच्या पीकराखणीच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख मात्र कायद्याने स्वतंत्रपणे केलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडील थोड्यांसच ठाऊक असेल. शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती थांबली. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ वनांत आपल्या शेजारचा मेळघाट होता.

उरते ती लक्ष्यावरची नेमबाजी, आणि तीत आपली मंडळी मागे नाहीत. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी समजली जाते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफलीच्या निजून मारावयाच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत शिकले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन आसनांच्या प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले. आणि आपल्याच निमाडचे, खरगोन जिल्ह्यातील रतनपूरचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत तयार झाले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तोमर, कुसाळे व अखिल श्योराण या तिघांनी १७६९ गुणांचा विश्वविक्रम करून सांघिक सुवर्णपदक आणले. निमाडचा आणि कोल्हापूरचा तरुण एका संघात उभे होते, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी शाळेने विसरू नये.

त्यांच्या खेळात तरफेच्या कारबाइनीचा वेग मुळीच नाही. काडतूस एकेक हाताने घालावयाचे. ५० मीटरांवरील लक्ष्याचा दहा गुणांचा मध्य फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा. श्वास आवरून, दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी चाप दाबावयाचा. ज्या विद्यार्थ्यास या वाटेने जावयाचे असेल त्याची सुरुवात बहुधा १० मीटरांवरील हवेच्या रायफलीपासून होते. तिच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि शिशाची गोळी साडेचार मिलिमीटरची. म्हणजे गोळीपेक्षा लक्ष्यच लहान! जत्रेत फुगे फोडावयास मिळते ती बंदूक हिचीच गरीब नातलग. ती नळी मध्ये मोडून खाली दाबावी लागते, ते कशासाठी याचा विचार फार थोडी मुले करतात. तेथे नळी हीच तरफ असते, आणि तिच्या जोराने दस्त्यापुढील पोकळीतली स्प्रिंग मागे दाबली जाऊन अडकते. चाप दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दाबलेली हवा छऱ्यास ढकलते. नळी जितकी लांब तितकी ती दाबण्यास हलकी जाते. पुढच्या जत्रेत टोकाशी व मध्यावर धरून दाबून पाहिल्यास फरक लगेच कळेल. मात्र त्या वेळी तोंड फुग्यांच्या फळीकडेच असावे आणि बोट चापाबाहेर.